‘सार्जंट पेपर’ कालबाह्य झाला, असे म्हणणाऱ्यांसाठी

१/ धागा. बीटल्सचा ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ हा १९६७ सालचा अल्बम आज ऐकण्याजोगा उरला आहे काय? ‘रोलिंग स्टोन’ मासिकाने २००३ मध्ये आणि पुन्हा २०१२ मध्ये आपल्या ५०० सर्वश्रेष्ठ अल्बमच्या यादीत त्याला पहिले स्थान दिले होते. २०२० च्या यादीत तो २४ व्या स्थानावर गेला. तेव्हापासून एक नवे शहाणपण रूढ झाले आहे. त्या काळी हा अल्बम थोर होता, आता ती संग्रहालयातील वस्तू आहे, असे ते शहाणपण सांगते. हा धागा त्याच्या विरोधात आहे.

२/ विरोध भक्तांनाही आहे. ‘जगातील पहिला संकल्पना-अल्बम’, ‘रॉकला कला बनवणारी तबकडी’, ‘एका पिढीचा आवाज’ ही बिरुदे पन्नास-पंचावन्न वर्षे जपासारखी म्हटली गेली. नवा श्रोता ती वाचून अल्बम लावतो, त्याला बिरुदांतले काहीच ऐकू येत नाही, आणि तो दोष अल्बमला देतो. दोष बिरुदांचा आहे.

३/ प्रथम घटनाक्रम. २९ ऑगस्ट १९६६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कवर बीटल्सनी तिकीट लावून केलेला शेवटचा कार्यक्रम झाला. प्रेक्षकांच्या किंकाळ्यांत वादकांना स्वतःची वाद्येही ऐकू येत नसत. दौरे संपले. त्याच वर्षी नोव्हेंबरात केनियाहून परतताना विमानात पॉल मॅकार्टनीला कल्पना सुचली की आपण ‘बीटल्स’ नसून कोणी दुसराच बँड आहोत, असे समजून गावे. २४ नोव्हेंबरला लंडनमधील ईएमआयच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत ध्वनिमुद्रण सुरू झाले आणि एप्रिल १९६७ पर्यंत चालले. तुलनेसाठी, त्यांच्या पहिल्या अल्बमची बहुतेक गाणी ११ फेब्रुवारी १९६३ या एकाच दिवसात ध्वनिमुद्रित झाली होती.

४/ आता पहिले बिरुद. ‘पहिला संकल्पना-अल्बम’ हे विधान इतिहास म्हणून टिकत नाही. वुडी गथ्रीच्या ‘डस्ट बोल बॅलड्स’मध्ये १९४० सालीच एका विषयाभोवती गुंफलेली गाणी आहेत. फ्रँक सिनात्राचा ‘इन द वी स्मॉल अवर्स’ १९५५ चा. बीच बॉइजचा ‘पेट साउंड्स’ आणि फ्रँक झाप्पाचा ‘फ्रीक आउट!’ हे दोन्ही १९६६ चे, आणि ‘पेट साउंड्स’चे ऋण खुद्द मॅकार्टनीने मान्य केले आहे.

५/ शिवाय ती संकल्पना या अल्बमलाही पुरत नाही. काल्पनिक बँडची ओळख पहिल्या गाण्यात होते, दुसऱ्यात ‘बिली शिअर्स’ या नावाने रिंगो स्टार गातो, आणि मग थेट शेवटून दुसऱ्या गाण्यात बँड निरोपापुरता परततो. मधल्या नऊ गाण्यांना त्या बँडशी काही देणेघेणे नाही. जॉन लेननने आपल्या गाण्यांचा त्या कल्पनेशी संबंध नसल्याचे नंतर स्पष्टच सांगितले. तेव्हा या बिरुदावर विसंबून जो अल्बमकडे जाईल, त्याची निराशा ठरलेली.

६/ परंतु बिरुद पडले म्हणून अल्बम पडत नाही. येथेच ‘कालबाह्य’ म्हणणाऱ्यांची मुख्य चूक आहे. त्यांच्या मते हा अल्बम १९६७ चा ‘आधुनिक’ आवाज होता, म्हणून तो शिळा झाला. वस्तुतः या अल्बमची बरीचशी सामग्री १९६७ मध्येही जुनीच होती, आणि ती जुनी होती म्हणूनच निवडली गेली.

७/ सामग्री पाहावी. शीर्षकातील बँड हा एडवर्डच्या काळातील, म्हणजे विसाव्या शतकाच्या आरंभीचा, बागेत वाजणारा पितळी वाद्यांचा बँड. ‘व्हेन आय अ‍ॅम सिक्स्टी-फोर’ ही चाल मॅकार्टनीने सोळाव्या वर्षाच्या आसपास रचलेली. तिची धाटणी त्याच्या वडिलांच्या पिढीची, आणि ते वडील तरुणपणी लिव्हरपूलमध्ये ‘जिम मॅक्स जॅझ बँड’ चालवीत. १९६६ च्या जुलैत ते ६४ वर्षांचे झाले, डिसेंबरात गाणे ध्वनिमुद्रित झाले. सोबतीला क्लॅरिनेट घेतले गेले. मग मॅकार्टनीचा आवाज कोवळा वाटावा म्हणून ध्वनिफितीचा वेग वाढवण्यात आला. चोविशीतला गायक सोळा वर्षांच्या मुलाच्या आवाजात म्हातारपणाची कल्पना करतो, तेही आजोबांच्या काळच्या चालीवर. हे गाणे ‘शिळे’ कोणत्या अर्थाने म्हणायचे?

८/ ‘बीइंग फॉर द बेनिफिट ऑफ मिस्टर काइट!’ हे तर अक्षरशः अभिलेखागारातले गाणे आहे, म्हणून इतिहासप्रेमींनी त्यावर थोडे थांबावे. ३१ जानेवारी १९६७ रोजी केंट परगण्यातील सेव्हनओक्स येथे चित्रीकरणासाठी गेलेल्या लेननने एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून सर्कशीचे एक जाहिरातपत्रक विकत घेतले. मंगळवार, १४ फेब्रुवारी १८४३ रोजी रॉचडेल गावी होणाऱ्या खेळाचे ते पत्रक. गाण्याचे बहुतेक शब्द त्या पत्रकातूनच आले आहेत. लेननने काही फेरफार केले. पत्रकातील झँथस नावाचा घोडा गाण्यात हेन्री झाला, आणि रॉचडेलच्या जागी बिशप्सगेट आले.

९/ त्या सर्कशीचा मालक पाब्लो फँक. मूळ नाव विल्यम डार्बी, जन्म नॉरिचचा. व्हिक्टोरियाच्या काळातील ब्रिटनमध्ये हा कृष्णवर्णीय गृहस्थ उत्तम घोडेस्वार म्हणून गाजला आणि स्वतःच्या सर्कशीचा मालक झाला. १८७१ मध्ये तो वारला. पुढे त्याचे नाव बहुतेकांच्या विस्मरणात गेले. आज जगभर ते ठाऊक आहे ते एका पॉप गाण्यामुळे, पण त्या गाण्यातून तो कृष्णवर्णीय होता हे कळत नाही. नाव उरते आणि माणूस निसटतो, असा हा प्रकार. याच अल्बममध्ये तो पुन्हा घडला आहे, त्याकडे पुढे येऊ.

१०/ गाणे ऐकताना सर्कशीतील लाकडाच्या भुशाचा वास यावा, अशी लेननची मागणी होती. निर्माता जॉर्ज मार्टिन याने वाफेवर चालणाऱ्या ऑर्गनच्या जुन्या ध्वनिफिती जमवल्या. ध्वनिमुद्रक जेफ एमरिकने त्यांचे तुकडे केले, ते हवेत उधळले आणि हाताला येतील तसे पुन्हा जोडले. गाण्यात मागे जो गरगरता कल्लोळ ऐकू येतो, तो यातून निर्माण झाला. आज हेच काम संगणकावर काही मिनिटांत होते, म्हणून ते किरकोळ ठरवले जाते. पण साधन सोपे झाल्याने कान बदलत नाही. तो कल्लोळ आजही अंगावर येतो.

११/ पोशाखांचीही हीच गोष्ट. साठीच्या दशकात लंडनच्या तरुणांत जुने लष्करी डगले घालण्याची टूम निघाली होती. पोर्टोबेलो रस्त्यावर असे कपडे विकणाऱ्या एका प्रसिद्ध दुकानाचे नावच ‘आय वॉज लॉर्ड किचनर्स व्हॅले’ असे होते, म्हणजे ‘मी लॉर्ड किचनरचा खिदमतगार होतो’. हा किचनर १९०२ ते १९०९ या काळात हिंदुस्थानातील ब्रिटिश सैन्याचा सरसेनापती होता. ज्या गणवेशाचा धाक अर्ध्या जगाला होता, तो आता पोरांनी मौजेखातर घालायचा कपडा झाला होता. बीटल्सचे झगझगीत रंगांचे बँडवाले डगले नाटकांचे कपडे पुरवणाऱ्यांकडून शिवून घेतलेले, पण कल्पना याच हवेतली. साम्राज्य संपल्यावर त्याच्या अडगळीतून मुलांनी वेषांतराचे सामान काढावे, तसे हे आहे.

१२/ म्हणून ‘समर ऑफ लव्ह’चे स्मारक एवढ्याच नजरेने हा अल्बम ऐकणे अपुरे आहे. त्या उन्हाळ्याच्या फुलांच्या माळा आणि घोषणा निश्चितच शिळ्या झाल्या. अल्बम मात्र मुख्यतः एका साम्राज्योत्तर देशाच्या स्मरणशक्तीविषयी आहे. सर्कस, बँड, वर्तमानपत्र, रविवारचा दिवस, निवृत्तीची कल्पना, घर सोडून जाणारी मुलगी : एवढे इंग्लंड दुसऱ्या रॉक अल्बममध्ये क्वचितच सापडेल.

१३/ आता ध्वनीविषयी. ‘हेडफोनवर सगळे आवाज एका कानात येतात, विचित्र वाटते’ ही तरुण श्रोत्यांची नेहमीची तक्रार, आणि ती खरी आहे. परंतु १९६७ मध्ये ब्रिटनमधील बहुतेक घरांत मोनो यंत्रे होती. बीटल्सनी आणि मार्टिनने जीव ओतला तो मोनो मिश्रणावर. स्टिरिओ मिश्रण नंतर घाईने, बीटल्सच्या गैरहजेरीत उरकण्यात आले. १९८७ मध्ये कॉम्पॅक्ट डिस्क आली ती त्या स्टिरिओची. म्हणजे एका पिढीने मुख्य पाठ बाजूला ठेवून दुय्यम पाठच प्रमाण मानला.

१४/ हस्तलिखितांचा अभ्यास करणाऱ्याला यातले गांभीर्य लगेच कळेल. पाठभेद किरकोळ नाहीत. ‘शी इज लीव्हिंग होम’ हे गाणे मोनोमध्ये अधिक जलद आहे आणि त्याची पट्टीही वरची आहे. स्टिरिओत ते रेंगाळते आणि रडवेले वाटते. ‘ल्यूसी इन द स्काय विथ डायमंड्स’ मोनोमध्ये अधिक संथ आहे आणि आवाजाला पाण्यातून आल्यासारखी लहर आहे. २०१७ मध्ये जाइल्स मार्टिनने, म्हणजे जॉर्ज मार्टिनच्या मुलाने, मोनो पाठ समोर ठेवून नवे स्टिरिओ मिश्रण केले. निकाल देण्यापूर्वी यांपैकी एक ऐकावे. चुकीची प्रत वाचून ग्रंथाला नावे ठेवण्याचा अधिकार कोणालाच नाही.

१५/ हे सारे काम चार ट्रॅकच्या टेपयंत्रांवर झाले. चार ट्रॅक भरले की त्यांचे एकत्र मिश्रण करून ते दुसऱ्या यंत्राच्या एका ट्रॅकवर उतरवायचे आणि पुढचे थर चढवायचे. एकदा उतरवले की मागे फिरणे अवघड. प्रत्येक टप्प्यावर निर्णय घ्यावा लागे आणि तो निभवावा लागे. आजच्या कानाला हा अल्बम जो घट्ट विणलेला वाटतो, त्याचे एक कारण हे आहे.

१६/ दुबळ्या जागा? आहेत. ‘फिक्सिंग अ होल’ आणि ‘लव्हली रीटा’ ही गोड पण हलकी गाणी आहेत. ‘गुड मॉर्निंग गुड मॉर्निंग’ प्राण्यांच्या आवाजांवर अधिक विसंबते. सर्वांत मोठी हानी तर अल्बमबाहेर झाली. याच सत्रांत प्रथम तयार झालेली ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’ आणि ‘पेनी लेन’ ही दोन गाणी फेब्रुवारी १९६७ मध्ये सुटी तबकडी म्हणून बाहेर पडली, आणि सुट्या तबकडीवरील गाणी पुन्हा अल्बममध्ये न घेण्याच्या त्यांच्या प्रथेमुळे वगळली गेली. मार्टिनला याचा आयुष्यभर पश्चात्ताप वाटला. तो योग्यच होता.

१७/ एक जागा दुबळी नसून अस्वस्थ करणारी आहे. ‘गेटिंग बेटर’ या प्रसन्न चालीच्या गाण्यात निवेदक आपण स्त्रीला मारहाण करत असल्याची कबुली देतो. लेननने १९८० च्या मुलाखतीत ती ओळ आपल्या स्वतःविषयीची असल्याचे सांगितले. हे गाणे टाळावे काय? ते टाळू नये, पण गुणगुणत पुढेही जाऊ नये. प्रसन्न सूर आणि ती कबुली यांतली विसंगती १९६७ मध्ये फारशी कोणाला खटकली नाही, हा त्या काळाचा पुरावा आहे. आज ती खटकते, ही प्रगती श्रोत्याची आहे.

१८/ ‘शी इज लीव्हिंग होम’ला भावविवश म्हणून हिणवले जाते. फेब्रुवारी १९६७ मध्ये ‘डेली मेल’ने घर सोडून गेलेल्या एका सतरा वर्षांच्या मुलीची बातमी छापली होती, त्यावरून हे गाणे झाले. कोणताही बीटल त्यात वाद्य वाजवत नाही. फक्त तंतुवाद्ये आणि शीला ब्रोमबर्गची हार्प. बीटल्सच्या तबकडीवर वाजवणारी ती पहिली स्त्री. त्या वर्षी तरुणांच्या बंडाची गाणी सर्वत्र होती. या गाण्यात मात्र आईवडिलांनाही आवाज आहे. लेनन तो मागून गातो, आणि त्यांचे म्हणणे हास्यास्पदही वाटते, दयनीयही. बंडखोरांच्या पिढीने घरी मागे राहिलेल्यांना इतकी जागा क्वचितच दिली.

१९/ आता सर्वाधिक वगळले जाणारे गाणे. दुसऱ्या बाजूचे पहिले, पाच मिनिटांचे, जॉर्ज हॅरिसनचे ‘विदिन यू विदाउट यू’. पाश्चात्य समीक्षकांतील अनेकांनी त्याला प्रवचन म्हटले. भारतीय श्रोत्यांत दोन प्रतिक्रिया आढळतात : एक, ‘बघा, आपली सतार!’ म्हणून छाती फुगवणारी; दुसरी, ‘हे अर्धेकच्चे आहे’ म्हणून नाक मुरडणारी. दोघेही सहसा ऐकत नाहीत.

२०/ ऐकले तर काय आढळते? खमाज थाटाचे स्वर. तंबोऱ्याच्या षड्जावर दिलरुबा आणि गाणारा आवाज एकमेकांची सावली बनून चालतात. गायनाचा भाग सोळा मात्रांचा, मधला वाद्यांचा भाग दहा मात्रांच्या झपतालाच्या अंगाने जातो, आणि तेथे भारतीय वाद्ये व व्हायोलिन-चेलो यांच्यात सवाल-जवाब होतो. मार्टिनने लंडनच्या आठ व्हायोलिन व तीन चेलोवादकांना दिलरुब्याप्रमाणे मींड घ्यायला लावली. पाश्चात्य वादक त्या सुरावटीच्या मागे जाण्याचा प्रयत्न करताहेत, हे स्पष्ट ऐकू येते. रॉकमध्ये सतार बहुधा अत्तराच्या फायासारखी वापरली गेली. येथे गाण्याचा सांगाडाच त्या संगीतातून आला आहे.

२१/ हे एकाएकी घडलेले नव्हते. सप्टेंबर १९६६ मध्ये हॅरिसन पंडित रविशंकर यांच्याकडे सतार शिकण्यासाठी मुंबईत आला आणि ताजमहाल हॉटेलात उतरला. बातमी फुटली, चाहत्यांची गर्दी झाली, तेव्हा गुरुशिष्यांनी काश्मीर गाठले. मार्च १९६७ मध्ये या गाण्याचे ध्वनिमुद्रण सुरू झाले तेव्हा त्याच्या शिक्षणाला काही महिनेच झाले होते. तो निष्णात सतारवादक नव्हता, पुढेही झाला नाही. मात्र आपल्याला काय येत नाही याची त्याला जाण होती, म्हणून त्याने जाणकार वादक बोलावले. बाकी तीन बीटल्स या गाण्यात नाहीत.

२२/ हे वादक कोण? लंडनच्या ‘एशियन म्युझिक सर्कल’मार्फत आलेले. ही संस्था मूळचे कर्नाटकातील अयन अंगडी आणि त्यांची इंग्रज पत्नी पॅट्रिशिया यांनी १९४६ मध्ये उभी केली होती. यहुदी मेनुहिन तिचे अध्यक्ष होते. हॅरिसन आणि रविशंकर यांची गाठ याच दांपत्यामुळे पडली. अल्बमच्या वेष्टनावर गाण्यांचे शब्द छापले होते, आणि पॉप तबकडीवर तेव्हा ते अपूर्वच होते. शब्दांना जागा मिळाली, या वादकांच्या नावांना मिळाली नाही.

२३/ सुमारे अर्धशतकानंतर ती नावे पुढे आली : दिलरुब्यावर अण्णा जोशी आणि अमृत गज्जर, तबल्यावर नटवर सोनी, तंबोऱ्यावर बुद्धदेव कंसारा. (येथे ‘जोशी’ वाचताच ‘मराठी माणूस!’ असा जल्लोष करण्याचा मोह आवरावा. आडनाव हा पुरावा नव्हे.) जगातील सर्वाधिक खपलेल्या तबकड्यांपैकी एका तबकडीवर वाजवूनही ही माणसे दीर्घकाळ निनावी राहिली. अल्बमवर खरा आक्षेप घ्यायचा तर तो येथे घ्यावा. मुखपृष्ठावर मेणाच्या पुतळ्यांनासुद्धा स्थान मिळाले होते.

२४/ मुखपृष्ठाचा विषय निघालाच आहे. पीटर ब्लेक आणि जॅन हॉवर्थ यांची रचना, मायकेल कूपरचे छायाचित्र, दिनांक ३० मार्च १९६७. गर्दीत चार भारतीय योगी आहेत : महावतार बाबाजी, लाहिरी महाशय, युक्तेश्वर गिरी आणि परमहंस योगानंद. ही हॅरिसनची निवड. महात्मा गांधींची प्रतिमाही छायाचित्र घेतले तेव्हा तेथे होती. अंतिम मुखपृष्ठावर ती पुसून टाकलेली आहे. ईएमआयचे अध्यक्ष सर जोझेफ लॉकवूड यांना भीती वाटली की भारतात भावना दुखावतील आणि तेथील विक्री बुडेल.

२५/ ईएमआयच्या भारतीय कंपनीचा तबकड्यांचा कारखाना कलकत्त्याजवळ दमदमला होता, म्हणजे भीती व्यापाराची होती. स्वातंत्र्याला वीस वर्षेही पूर्ण व्हायची होती. किचनरच्या काळचे डगले मध्यभागी दिमाखात उभे आहेत, योग्यांना जागा आहे, आणि ज्याने त्या साम्राज्याला आव्हान दिले तो झाकला गेला. यात कोणाचा कट नव्हता, हिशेब होता. पण वसाहतोत्तर इतिहासाच्या विद्यार्थ्याला याहून बोलके चित्र मिळणे कठीण. हा अल्बम अभ्यासातून बाद करू पाहणाऱ्यांनी निदान एवढे तरी पाहावे.

२६/ आता सर्वांत बळकट आक्षेप. काही इतिहासकार म्हणतात की ‘सार्जंट पेपर’ने रॉकला नाचण्याच्या जागेवरून उठवून बैठकीत नेऊन बसवले. गोऱ्या तरुणांचे ‘गंभीर’ संगीत एका बाजूला झाले, आणि कृष्णवर्णीयांचे नाचाचे संगीत दुसऱ्या बाजूला ढकलले गेले. अमेरिकन समीक्षक एलायजा वाल्ड याने २००९ मध्ये या आशयाचे पुस्तकच लिहिले. १९६७ च्या त्याच महिन्यांत अरीथा फ्रँकलिनचे ‘रिस्पेक्ट’ गाजत होते. प्रतिष्ठेचे सिंहासन मात्र बीटल्सना मिळाले, आणि १९६८ मध्ये वर्षातील सर्वोत्तम अल्बमचे ग्रॅमी मिळवणारा हा पहिला रॉक अल्बम ठरला.

२७/ या आक्षेपात तथ्य आहे, आणि २०२० च्या यादीतील फेरबदल त्याच दृष्टीने न्याय्य होते. अरीथाला वर जागा मिळायलाच हवी होती. पण हा दोष प्रतिष्ठा वाटणाऱ्यांचा आहे. ४ जून १९६७ रोजी, अल्बम अधिकृतपणे येऊन तीनच दिवस झाले असताना, लंडनच्या सॅव्हिल थिएटरात जिमी हेंड्रिक्सने त्याच्या शीर्षकगीतानेच कार्यक्रम सुरू केला. मॅकार्टनी आणि हॅरिसन प्रेक्षकांत होते. हेंड्रिक्सला त्या गाण्यात बैठकीचे संगीत दिसले नाही. आणि ज्यांना हा अल्बम नाचण्याजोगा वाटत नाही, त्यांनी शीर्षकगीताची पुनरावृत्ती ऐकावी : सव्वा मिनिटाचे गाणे, १ एप्रिलला एका दिवसात उरकलेले, आणि रिंगोचा ठेका असा की पाय जागेवर राहत नाही.

२८/ ‘पण “रिव्हॉल्व्हर” अधिक चांगला आहे!’ असू शकेल. १९६६ चा तो अल्बम सलग अधिक सरस आहे, हे मान्य करायला कोणतीच हरकत नाही. मात्र राजगड श्रेष्ठ की रायगड, या वादाने ज्याप्रमाणे दोहोंपैकी एकही किल्ला कळत नाही, त्याप्रमाणे याही वादाने काही कळत नाही.

२९/ राहिले शेवटचे गाणे, ‘अ डे इन द लाइफ’. डिसेंबर १९६६ मध्ये मोटार अपघातात वारलेला टारा ब्राउन, आणि लँकेशायरमधील ब्लॅकबर्न गावच्या रस्त्यांवरील ४,००० खड्ड्यांची ‘डेली मेल’मधील बातमी : लेननने ही दोन टोके एकत्र आणली. मध्ये मॅकार्टनीचा सकाळी घाईने कामावर निघणारा माणूस. दोन भागांमध्ये २४ आवर्तनांची मोकळी जागा सोडली होती आणि तीत काय भरायचे ते ठरले नव्हते. १० फेब्रुवारी रोजी चाळीस शास्त्रीय वादक बोलावण्यात आले. आपापल्या वाद्याच्या सर्वांत खालच्या सुरापासून सर्वांत वरच्या टोकापर्यंत आपल्या गतीने चढत जा, शेजाऱ्याकडे लक्ष देऊ नका, अशा सूचना त्यांना मिळाल्या. आयुष्यभर एकत्र वाजवण्याचे शिक्षण घेतलेल्या माणसांना हे जड गेले. बीबीसीने मादक द्रव्यांच्या संशयावरून गाण्यावर बंदी घातली, तीही अल्बम बाजारात येण्यापूर्वी.

३०/ हे गाणे जुने झाले असे म्हणणाऱ्याने ते रात्री, दिवा मालवून, मोनोमध्ये ऐकावे. वर्तमानपत्र चाळता चाळता मृत्यूची बातमी आणि खड्ड्यांची बातमी सारख्याच निर्विकारपणे वाचणारा तो आवाज आज हातात फोन घेऊन बोटाने पडदा सरकवणाऱ्या कोणाचाही असू शकतो.

३१/ २२ फेब्रुवारी रोजी अनेक पियानोंवर एकाच वेळी तो अंतिम स्वरमेळ वाजवण्यात आला. तो विरत जाईल तसतसा एमरिकने ध्वनीचा स्तर चढवत नेला. चाळीसहून अधिक सेकंदांनंतर स्टुडिओतील खुर्चीची करकरही ऐकू येते. एवढ्यावर संपले असते, पण त्यांनी आणखी एक खोडी केली. ब्रिटिश तबकडीच्या अगदी आतल्या खाचेत आधी कुत्र्यांनाच नीट ऐकू जाईल अशी अतितार शिट्टी आणि मग दोनएक सेकंदांची निरर्थक बडबड भरली. अमेरिकेतील तबकडीत ती नव्हती. ज्यांच्याकडे आपोआप सुई उचलणारे महागडे ग्रामोफोन होते, त्यांनी ती जेमतेम ऐकली. साध्या यंत्रावर मात्र, कोणी उठून सुई उचलेपर्यंत, ती बडबड फिरतच राहत असे.